॥ श्री ॥ किरकोळ

मराठी माणसाला वस्तूवर नाव घालायला शिकवावं लागत नाही. भांड्यांच्या दुकानात पातेलं पसंत पडलं, वजन झालं, घासाघीस झाली की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “नाव काय घालायचं?” मग दाराजवळ बसलेला माणूस विजेवर थरथरणारं यंत्र हातात घेतो आणि पातेल्याच्या काठाखाली चर्र आवाज करत कुळकथा कोरतो. ‘चि. सौ. कां.’पासून सुरुवात, मग कुणाकडून, मग कशाप्रीत्यर्थ, मग तारीख. आमच्याकडे एक वाटी आहे. तिच्यात आमटी मावते दोन चमचे आणि मजकूर मावलाय मामा-मामींच्या अनेक उत्तम आशीर्वादांसह. बरणीला दादरा बांधला की त्यावर चिठ्ठी, छत्रीच्या दांड्यावर आद्याक्षरं, शेजारी पाठवायच्या डब्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. एवढा वारसा असलेल्या घराला चार खोक्यांवर आत काय आहे ते लिहिणं कितीसं जड जाणार, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं होतं.

निमित्त होतं पुनर्विकासाचं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातले नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी शहरात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत आमचं घर. इमारत थकली, गच्ची गळू लागली, बिल्डर आला, सभा झाल्या. सहकारी संस्थांच्या १९६०च्या कायद्यातलं कलम ७९-अ आमच्या कट्ट्यावरची मंडळी संध्याकाळी रामरक्षेनंतर म्हणू लागली. २०१९च्या शासन निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ती मिळाली. अख्खी इमारत पाडायला बहुमत झालं. पण ‘हा पितळी स्टोव्ह टाकायचा का’ या ठरावाला आमच्या घरातल्या चौघांच्या सभेत आजतागायत बहुमत मिळालेलं नाही. स्टोव्ह आमच्याबरोबर आला.

सामान बांधण्याआधी ते कमी करावं, असा जाणत्यांचा सल्ला असतो. बायकोनं तो मनावर घेऊन बोहारणीला हाक मारली. माझ्या पँटी, तिच्या साड्या, चिरंजीवांचे शाळेचे स्वेटर असा ढीग दारात पडला. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या मालाची यथेच्छ निंदा केली. एकदा बोहारीण उठून जिन्यापर्यंत गेली, एकदा बायकोनं दार लावून घेतलं. शेवटी नीट घडी घातली तर एका पिशवीत मावले असते एवढे कपडे गेले आणि त्यांच्या बदल्यात, कशाच्याही आत न जाणारा, दोन कानांचा एक मोठा टोप घरात आला. “नव्या घरात लागेल,” बायको म्हणाली. त्या टोपाला स्वतंत्र खोकं लागलं.

मग माळा. आमच्या पिढीनं कुठलीही वस्तू विकत आणली की वस्तू घरात मांडायच्या आधी तिचं खोकं माळ्यावर जायचं. ‘कधी घर बदललं तर लागेल.’ आता घर बदलायची वेळ आली म्हणून मोठ्या अभिमानानं ती खोकी खाली काढली. एकवीस इंची टीव्हीचं खोकं निघालं, थर्माकोलसकट. टीव्ही कधीच भंगारात गेलेला. मिक्सरच्या खोक्यात गणपतीचं मखर, मखराच्या खोक्यात दिव्यांच्या माळा, माळांच्या खोक्यात इस्त्री, आणि इस्त्रीच्या खोक्यात आणखी एक खोकं, घडी घालून ठेवलेलं. सध्याच्या टीव्हीचं रुंद, चपटं खोकं मात्र कुठेच नव्हतं. माळ्यावर जागा नाही म्हणून ते टाकून दिलं होतं. जागा का नव्हती, तर तिथे जुन्या टीव्हीचं खोकं होतं.

खोकी विकत आणणं भाग पडलं आणि त्या निमित्तानं खोक्याचा इतिहास वाचनात आला. पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये जो नागमोडी कागद असतो, त्याचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये निघालं, आणि ते पॅकिंगसाठी नव्हतंच. उंच हॅटांना आतून अस्तर लावायला तो कागद काढला होता. बाटल्या गुंडाळायला तो वापरायची कल्पना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. म्हणजे हा माल जन्मापासून टोपी घालण्याच्या धंद्यात आहे. बाजारात “पाच प्लाय आहे साहेब, वर माणूस उभा राहील” असं सांगून गळ्यात मारलेलं खोकं चार उशांनी खचलं, तेव्हा या इतिहासाचा पुरावाच हाती आला. फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकचंही तसंच. १९५७ साली न्यू जर्सीत दोघांनी ते बनवलं, ते भिंतीला चिकटवायचा शोभेचा कागद म्हणून. भिंतीसाठी कुणी घेईना, तेव्हा पुढे त्यात यंत्रं गुंडाळायला सुरुवात झाली. आमच्या घरी त्याचा गुंडाळा आला. आईनं त्यातला हातभर तुकडा देव्हाऱ्यातल्या तसबिरींसाठी कापून ठेवला आणि उरलेल्यातले फुगे दुपारची झोप सोडून एकेक करून फोडले.

विकतची खोकी पुरेनात, तेव्हा वाण्याकडची, औषधांच्या दुकानातली, केळीवाल्याकडची आली. पण या सगळ्यांत मजबूत खोकी मद्याची. बारा भरलेल्या बाटल्या पेलायच्या, म्हणून पुठ्ठा जाड आणि बांधा आटोपशीर. पुस्तकं लहान खोक्यात आणि गाद्या-उशा मोठ्या खोक्यात, हा सामान बांधण्याचा पहिला नियम, आणि पुस्तकांना याहून चांगलं खोकं नाही. त्यामुळे वडिलांची ज्ञानेश्वरी, दासबोध आणि एकनाथी भागवत ही मंडळी, वर ‘बारा वर्षं मुरलेली’ असं इंग्रजीत छापलेल्या खोक्यात जाऊन बसली. आईनं खोकं फिरवून छापील बाजू भिंतीकडे केली. खोक्याला चार बाजू असतात आणि चारही बाजूंना तेच छापलेलं असतं, हे लक्षात आल्यावर तिनं त्यावर आपलं जुनं पातळ टाकलं. त्यानं संशय आणखी वाढला. शिवाय झाकणावर पेल्याचं चित्र होतं. वर तोंड केलेले दोन बाण, छत्री आणि पेला ही खोक्यांवरची चिन्हं आयएसओ ७८० या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहेत. भाषा न येणाऱ्या हमालालाही कळावं की ही बाजू वर, पावसात भिजवू नका, आत नाजूक माल आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी पेल्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि “काही मदत लागली तर संकोच करू नका हो” असं दोनदा येऊन सांगून गेले.

दिवाळी अंकांचं दुखणं वेगळं. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ती प्रथा पडली. त्यामागे साहित्याचा विचार होता, हमालाचा नव्हता. बायकोनं घरातले सगळे जुने अंक एका मोठ्या खोक्यात एकत्र केले. त्यात विनोदी अंक जास्त होते, म्हणून वर लिहिलं, ‘हलकंफुलकं’. पुढे ज्या हमालानं त्या मजकुरावर विश्वास ठेवून एका हातानं ते उचलायला घेतलं, त्यानं मराठी विनोदाबद्दल हिंदीत व्यक्त केलेलं मत इथे देता येत नाही.

कपबशा गुंडाळायला रद्दी लागते. रद्दीचा गठ्ठा आईनं ताब्यात घेतला आणि नियमावली जाहीर केली. देवाचा फोटो असलेलं पान चपलांना वापरायचं नाही. निधनवार्तांचं पान काचेच्या सामानाला नाही. आधीच नाजूक, त्यात अपशकुन कशाला? राजकारणाची पानं कशालाही चालतील, पण ती स्टीलला काळं लावतात, तेव्हा आधी आतून कोरा कागद. शेवटी मनमोकळेपणी वापरण्याजोगी उरली ती अर्थविषयक पुरवणी. आमचा चहाचा सेट आजवर ज्या बाजारात कधीच उतरला नव्हता त्या शेअर बाजारात गुंडाळला गेला.

इथवर सगळं हातापायांचं काम होतं. खरा प्रश्न खोक्यांची तोंडं बंद झाल्यावर आला. वर लिहायचं काय?

चिरंजीव संगणकाच्या धंद्यातले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून योजना मांडली. “खोक्यावर काहीही लिहायचं नाही, बाबा. फक्त नंबर आणि एक क्यूआर कोड. फोन धरला की आतल्या वस्तूंची यादी स्क्रीनवर. शिवाय खोलीप्रमाणे रंग. स्वयंपाकघर लाल, हॉल निळा, बेडरूम हिरवी.”

“आणि फोनच खोक्यात गेला तर?” आईनं विचारलं.

“आजी, फोन खोक्यात कसा जाईल?”

“तुझ्या आजोबांचा चष्मा कसा जायचा, तसा.”

बायकोचा यंत्रावर विश्वास नाही. ती मार्कर घेऊन बसली. तिच्या लेबलांचं नंतर कुणी संशोधन केलं, तर एका गृहिणीची मनःस्थिती कशी ढासळत गेली याचा सलग आलेख मिळेल. पहिल्या खोक्यावर आहे: ‘स्वयंपाकघर. ओट्याखालचा दुसरा खण. रोजचे डबे. झाकणं वेगळ्या पिशवीत, पिशवी ह्याच खोक्यात उजवीकडे.’ दुसऱ्या दिवशी: ‘स्वयंपाकघर. डबे वगैरे.’ तिसऱ्या दिवशी: ‘स्वयंपाकघर. बरंच काही.’ मग ‘किरकोळ’. मग ‘किरकोळ २’. मग ‘खरोखरच किरकोळ’. आणि सगळ्यांत शेवटच्या खोक्यावर फक्त ‘हे काय आहे माहीत नाही, पण टाकू नये’.

हा ‘किरकोळ’ फार फसवा. ज्याला स्वतःची जागा आहे त्या वस्तूचं खोकं ठरलेलं असतं. ताटं ताटांत जातात, पुस्तकं पुस्तकांत. ‘किरकोळ’मध्ये जातं ते, ज्याच्यावाचून घर एक तासही चालत नाही: गॅसचा लायटर, किल्ल्यांचा जुडगा, सुईदोरा, चार्जर, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पलंगाचे खिळे-स्क्रू आणि कात्री. म्हणून अनुभवी माणसं पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच पायाला चिकटपट्टीनं बांधतात आणि पहिल्या रात्री लागणाऱ्या वस्तूंचं खोकं वेगळं करून ते टेम्पोत सर्वांत शेवटी चढवतात, म्हणजे ते सर्वांत आधी उतरतं. आमच्याकडेही असं खोकं केलं होतं. त्यात चहा, साखर, गोळ्या, कात्री सगळं होतं. ते नीट राहावं म्हणून बायकोनं त्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. उघडायला कात्री हवी होती.

आईची पद्धत तिसरी. तिनं घराच्या सामानातला आपला वाटा स्वतः बांधला आणि कुणालाही न विचारता लेबलं घातली. सुरुवात अर्थातच ‘॥ श्री ॥’. कागदावर अक्षर उमटण्याआधी श्री काढायची तिच्या वळणाची रीत, मग तो कागद पत्राचा असो की खोक्याचा. त्याखाली वस्तूचा पत्ता नाही, खोलीचं नाव नाही. तर, ‘॥ श्री ॥ धाकट्या जाऊबाई.’ ‘॥ श्री ॥ बडोद्याच्या वन्संनी पाठवलेलं. परत मागितलेलं नाही.’ ‘॥ श्री ॥ तुझी मुंज.’ ‘॥ श्री ॥ ज्यांच्याकडून आलं त्यांचं नाव नको.’ आणि एका लहानशा ट्रंकेवर, ‘॥ श्री ॥ ह्यांचं.’

“आई, याच्यात काय आहे ते कसं कळणार?” बायकोनं शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

“जाऊबाईंनी काय दिलंय ते घरातल्या सुनेला माहीत असायला नको?” आईचा आवाजही मऊच होता. बायकोनं विषय वाढवला नाही.

याच आवराआवरीत एक मेणकापडाचं बाड निघालं. सुतळीनं आडवं-उभं बांधलेलं, कडा तांबड्या पडलेल्या. चिरंजीवांनी ते उचलून रद्दीच्या ढिगाकडे मोहरा वळवला, तेवढ्यात आईनं त्यांचा हात धरला.

“ते पुरातनं आलंय.”

मग आम्हाला ती गोष्ट पुन्हा ऐकायला मिळाली. आई तेव्हा नवी नवरी होती, नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पाणी येतंय अशी ओरड झाली आणि जो तो हाताला लागेल ते घेऊन उंचावर पळाला. आजीनं देव ओच्यात घेतले. आईनं दुधाचं पातेलं उचललं, कारण दूध नुकतंच तापलं होतं आणि ते उघडं टाकून जाणं तिच्या बुद्धीला पटेना. आणि आजोबांनी काय घेतलं? भाडेपावत्या. पुण्याच्या वाड्यातला भाडेकरू हा पावतीवर जगत असे. मालकानं उद्या ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं तर दाखवायला पावती हवी. संध्याकाळपर्यंत वाडा राहिला नाही, मालकाचंही बरंच काही राहिलं नाही, पण भाडं वेळेवर भरल्याचा पुरावा मात्र कोरडा ठणठणीत राहिला. “तीन माणसं, तीन वस्तू. लेबलबिबल काही नव्हतं,” आई म्हणाली, “आणि एकही हरवली नाही.” बाडाला वेगळं खोकं मिळालं. त्यावर आईनं स्वतः लिहिलं, ‘॥ श्री ॥ मामंजींच्या पावत्या. मालक विचारील.’

सामान हलवायच्या दिवशी पॅकिंगवाले आले. पोरं उत्तरेकडची, चपळ, कुणाच्या भावनेत न गुंतणारी. आम्ही आठवडाभर ज्या एका कपाटाभोवती प्रदक्षिणा घालत होतो, ते त्यांनी एका कप चहाच्या वेळात रिकामं केलं. हातात येईल ते कागदात, कागदातलं खोक्यात, खोक्यावर चिकटपट्टीचा कर्कश फर्राटा, की ‘रसोई-सात’. ओट्यावर बायकोनं अर्धवट चिरून ठेवलेली कोथिंबीर सुरीसकट ‘रसोई-सात’मध्ये गेली. माझ्या हातातला चहाचा कप रिकामा होताच तो कुणीतरी अलगद काढून घेतला आणि तो थेट नव्या घरीच भेटला. गोदरेजचं कपाट मात्र त्यांनाही भारी पडलं. त्या कंपनीनं १९२३ साली लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली ती चोरांचा विचार करून असावी. जे चोराला हलवता येत नाही ते मालकालाही येत नाही. चार जणांनी ते जिन्यातून उतरवलं, तेव्हा अख्खी सोसायटी आपापल्या दारात उभी राहून ‘डावीकडे, डावीकडे’ सांगत होती. प्रत्येकाची डावी बाजू वेगळी होती.

इकडे आदल्या रात्री एक प्रकार घडला होता, त्याची आम्हाला कल्पना नव्हती. आम्ही झोपल्यावर आई काठी टेकत सगळ्या खोक्यांवरून फिरली होती. चिरंजीवांचे नुसते नंबर तिला बोडके वाटले, सुनेचं ‘किरकोळ’ वाटेल तिथून सुरू झालेलं वाटलं. प्रवासाला निघताना असं चालत नाही. तिनं मार्करनं एकेका खोक्यावर ठसठशीत ‘॥ श्री ॥’ काढला. चपलांचं खोकं तेवढं वगळलं.

नव्या भाड्याच्या घराच्या दारात मी यादी घेऊन उभा होतो. पुढे देवाचं सामान न्यायचं, हे मी मुकादमाला बजावून सांगितलं होतं. “जिस पे श्री लिखा है, वो मंदिर का. उधर कोने में.” मुकादम धार्मिक वृत्तीचा होता. त्यानं ती सूचना पोरांना अक्षरशः पाळायला लावली. पहिलं खोकं ईशान्य कोपऱ्यात गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. मी मालकांशी भाडेकराराच्या कागदांबद्दल बोलून आत आलो, तेव्हा ईशान्य कोपरा छतापर्यंत भरला होता. ‘किरकोळ’, ‘किरकोळ २’, उशा, मिक्सर, संन्यस्त झालेला स्टोव्ह आणि मद्याच्या खोक्यातली ज्ञानेश्वरी, सगळं देवघरात दाटीवाटीनं उभं होतं. उरलेलं सबंध घर रिकामं. मधोमध एकटं चपलांचं खोकं. मुकादमानं कपाळाचा घाम पुसला आणि आईला भक्तिभावानं म्हणाला, “माँजी, आप के भगवान बहुत हैं।”

नव्या घरात पहिलं काम दूध उतू घालायचं. दूध होतं, गॅस जोडलेला होता. पातेलं आणि लायटर हवा होता. चिरंजीव फोन घेऊन त्या ढिगाऱ्यासमोर उभे राहिले. कोड वाचला गेला. यादी इंटरनेटवर होती. मोबाइलला त्या कोपऱ्यात रेंज नव्हती आणि वायफायचं यंत्र कुठल्या खोक्यात आहे ते यादीत लिहिलेलं होतं. बायकोनं ‘स्वयंपाकघर. बरंच काही’ उघडलं. त्यात खरोखरच बरंच काही होतं, पातेलं नव्हतं. ‘खरोखरच किरकोळ’मध्ये पडद्यांच्या कड्या निघाल्या आणि गेल्या गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं.

आई खुर्चीवर बसून हे बघत होती. “धाकट्या जाऊबाई काढा,” ती म्हणाली.

धाकट्या जाऊबाई ढिगाऱ्यात तिसऱ्या थरावर होत्या. काढल्या. उघडल्या. वरच पातेलं, आणि पातेल्यात, ते रिकामं जाऊ नये म्हणून, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि काडेपेटी. पातेल्याच्या काठाखाली जाऊबाईंचं नाव, दिवाळसणाची तारीख. पातेलं हा शब्द मात्र कुठेच नाही. तो कधीच नसतो. पातेलं आहे ते दिसतंच की. दिसत नाही ते कुणी दिलं, कधी दिलं, आणि त्या वेळी आपण काय परत दिलं. आईच्या खोक्यांवर ही सगळी देवाणघेवाण लिहिलेली होती आणि तिच्या डोक्यात सामानाची नोंद खोल्यांप्रमाणे नव्हतीच, माणसांप्रमाणे होती. मग आम्ही वस्तू मागायची आणि तिनं नातं सांगायचं, असा क्रम लागला. किसणी? “नागपूरची मामी.” टेस्टर? “ह्यांचं.” इस्त्री? “तुझी मुंज,” कारण मुंजीच्या आहेरात आलेल्या पैशांतून ती घेतली होती. बायको भराभर खोकी ओढत होती. चिरंजीव थक्क होऊन बघत होते. शेवटी त्यांनी मोठ्या मनानं विचारलं, “आजी, तुझ्या पद्धतीची मी एक फाइल करू का?” आईनं होकार दिला, पण ‘त्यांचं नाव नको’ हे खोकं फाइलीत घ्यायचं नाही, या अटीवर.

आता घर बऱ्यापैकी लागलंय. भाड्याचं घर जुन्या घरापेक्षा लहान आहे आणि पुन्हा बांधायचंच आहे तर आत्ता सोडायचं कशाला, या विचारानं बायकोनं काही खोकी न उघडता गॅलरीत रचली आणि त्यांवर नवी लेबलं घातली: ‘परत जाताना’. आरंभी हा विचार सर्वांना पटला. अडचणी मागाहून आल्या. मोदकपात्र ‘परत जाताना’मध्ये होतं, म्हणून गणपतीत मोदक तळणीचे झाले. सोऱ्या त्यातच, म्हणून चकल्या विकतच्या. माझा स्वेटर त्यातच आहे असा माझा समज आहे, पण थंडी वाजते म्हणून एकमतानं लावलेली रास कोसळवणं एका सभासदाला शोभत नाही. ताबा मिळेपर्यंत कळ काढायची, असं ठरलंय.

परवा आईला घेऊन जुन्या जागेवर गेलो होतो. आवार पत्र्यांनी बंदिस्त केलंय आणि पत्र्यांवर भलामोठा फलक लागलाय. हसणारं कुटुंब, कारंजं, आपल्या भागात कधी न दिसलेली झाडं. खाली महारेराचा क्रमांक आणि त्याशेजारी क्यूआर कोड. २०२३पासून बांधकामाच्या जाहिरातींत तो द्यावाच लागतो. चिरंजीवांचा चेहरा उजळला. त्यांनी फोन धरला आणि अख्खी कुंडली वाचून दाखवली: मजले किती, सदनिका किती, परवानग्या कुठल्या, ताबा कधी. महिना आणि सालासकट.

आईनं चष्मा सारखा केला आणि फलक वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

“वर श्री काढलेला नाही,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर ती ‘परत जाताना’ची खोकी उघडून टाका.”